वास बघून उघडायची खिडकी

डोंबिवलीला मी याआधीही गेले होते, पण लग्नाकार्याला, नाहीतर मुंबईला जाता-येता एखाद्या रात्रीपुरती. अशा वेळी माणसं भेटतात, गाव बघायचं राहून जातं. या खेपेला मात्र मी गेले ती लेकीला आणि नातवाला घरी घेऊन यायला, आणि मुक्काम वाढत गेला तो त्या नातवाला धड श्वास घेता येईल अशी जागा शोधण्यात. ठाणे, कल्याण, डोंबिवली बघायला कुणी मुद्दाम जात नाही. जाऊन आलेल्या माणसाने सांगावं असं तिथे काय असणार, असं मलाही वाटत होतं.

पहिलं बाळंतपण माहेरी, हा आमच्याकडचा रिवाज. लेकीचं, सायलीचं तिकीटसुद्धा काढून ठेवलं होतं. पण बाळ वेळेच्या बरंच आधी आलं आणि सुरुवातीचे आठवडे काचेच्या पेटीत राहिलं. घरी सोडताना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, छाती अजून कच्ची आहे, परत तपासू आणि मग प्रवासाचं ठरवू. मी मनाशी तेव्हाच ठरवून टाकलं होतं. आमचं गाव देवरुखच्या वरच्या अंगाला, घराला कौलं, मागे फणसाची सावली. चार महिने आमची हवा लागली की कसली कच्ची आणि कसली पक्की!

यांना गुरांमुळे घर सोडता येईना, म्हणून मी एकटीच निघाले. सोबत एक पोतं होतं. त्यात हळीव, डिंक, बाळंतशोपा, ओवा, वावडिंग आणि जुन्या लुगड्यात नीट बांधलेल्या घरच्या गाईच्या शेणी. आमच्याकडे अंघोळ झाली की तान्ह्या बाळाला धुरी देतात. शेणीच्या निखाऱ्यावर ओवा-वावडिंग टाकायचं आणि त्यावर बाळाला दोन्ही हातांवर आडवं धरायचं. अंग शेकतं, कफ सुटतो, पोर गाढ झोपतं. मी जन्मभर अंगणवाडी चालवली, गावातल्या निम्म्या पोरांना पहिलं न्हाऊ मी घातलंय, त्यामुळे यातलं मला कुणी काही शिकवायची गरज नव्हती. कंडक्टरने पोत्याला पाय लावून विचारलं, "मावशी, काय भरलंय?" मी म्हटलं, "नातवाचं औषध आहे, पाय काढा."

डोंबिवली

सायलीचं घर औद्योगिक वसाहतीला लागून, तिसऱ्या मजल्यावर. मी पोचले तेव्हा उजाडलं होतं आणि बाहेर छान गारवा होता. आत गेले तर सगळ्या खिडक्या बंद आणि पंखा चालू. माझा हात आपोआप कडीकडे गेला.

"आई, थांब! आधी ग्रुप बघू दे," सायली बाळाला खांद्यावर घेऊन पलीकडच्या खोलीतून ओरडली.

त्या इमारतीची एक रीत आहे, ती मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. वरच्या मजल्यावर एक निवृत्त काका राहतात. ते पूर्वी रसायनाच्याच कारखान्यात होते. रोज सकाळी ते गच्चीवर जातात, वास घेतात आणि इमारतीच्या ग्रुपवर दोन शब्द टाकतात. त्यावर सगळ्या बिऱ्हाडांच्या खिडक्या उघडतात किंवा बंद राहतात. वासांना तिथल्या बायकांनी नावं पाडली आहेत. सडक्या अंड्यासारखा आला की 'कोबी', गोडसर आणि डोक्यात जाणारा असला की 'फणस', आणि डोळे चुरचुरले की 'नेलपॉलिश'. त्या दिवशी काकांनी लिहिलं होतं, 'फणस. नऊनंतर बघू.' फणसाच्या नावाचा असा उपयोग पाहून मला रागच आला. आमच्या मागच्या दारी तो पिकला की वाडीभर माणसं वास काढत येतात.

नऊनंतर खिडकी उघडली. गॅलरीतून खाली एक नाला दिसत होता, त्याचं पाणी विटकरी रंगाचं होतं. मी विचारलं, कुठे बांधकाम चाललंय का? सायली म्हणाली, "अगं, त्याचा रंग रोज वेगळा असतो. आता आम्ही बघत पण नाही." दुपारी मी बाळाची लंगोटं धुऊन उन्हात टाकली. संध्याकाळी काढायला गेले तर पांढऱ्या कापडावर बारीक काळे ठिपके. झटकले तर पसरले. सायलीने ती सगळी परत धुतली आणि पंख्याखाली दोरीवर टाकली. तेव्हा कळलं, पंखा सकाळपासून कशासाठी चालू होता.

जावई निलेश संध्याकाळी आला. मुलगा साधा, हसरा, ठाण्याच्या कोलशेतमधल्या आगरी घरातला. मी त्याला सरळ सांगून टाकलं, की यावेळी डॉक्टरीणबाई हो म्हणाल्या की मी दोघांना घेऊन जाणार.

"आई, मला पण हे पटतं ओ," तो म्हणाला, "पण मागे त्याला दम लागला ना, तेव्हा आम्ही रिक्षाने पाच मिनिटात हॉस्पिटलात गेलेलो. म्हणून जरा भीती वाटते."

पोतं सोडलं तेव्हा शेणी पाहून सायलीचा चेहरा उतरला. "डॉक्टरांनी धूर अजिबात नको सांगितलंय. मी देवापुढे उदबत्तीसुद्धा लावत नाही."

"धुरी म्हणजे काय धूर आहे का गं?" मी म्हटलं. अंगणवाडीत मीच बायकांना सांगत असे, पोराला घेऊन चुलीपुढे बसू नका, बिनधुराची चूल घ्या. पण चुलीचा धूर वेगळा आणि बाळाची धुरी वेगळी, याबद्दल माझ्या मनात कधी शंकाच आली नव्हती. सायलीने पोतं गॅलरीच्या कोपऱ्यात सरकवलं आणि विषय तिथेच राहिला.

कोलशेत

रविवारी विहीणबाईंना भेटायला निघालो. बाळाला गावी न्यायचं तर त्यांचंही मत घ्यायला हवं होतं. निलेशच्या स्कूटरवर मागे बसले. त्याने मला डोक्यापासून हनुवटीपर्यंत ओढणी गुंडाळायला लावली, तेव्हा मी हसले होते. शीळफाट्याला हसू गेलं. चारी बाजूंनी ट्रेलर, डंपर, रस्त्याची आणि पुलांची कामं, आणि हवेत सिमेंटच्या धुळीचा असा थर, की पुढच्या गाडीचा नंबर वाचता येईना. सगळे हॉर्न वाजवत होते आणि कुणालाच जागा मिळत नव्हती. कोलशेतला उतरून ओढणी सोडली तर नाकाजवळ दोन काळे गोल उमटलेले. बाळ या रस्त्याने दवाखान्यात जात नाही, एवढंच बरं वाटलं.

विहीणबाई, म्हणजे हिराबाई, दारातच उभ्या होत्या. ठेंगण्या, ठसठशीत, आवाज खणखणीत. त्यांचं घर आता उंच इमारतींच्या मधे सापडलंय, पण मागच्या दाराने शंभरेक पावलं गेलं की खाडी लागते. जेवायला मोरी माशाचं कालवण आणि तांदळाची भाकरी केली होती. बाळंतिणीला दूध येण्यासाठी ही मासळी द्यायची त्यांच्याकडे पद्धत, तशी आमच्याकडे हळिवाची खीर. एक डबा त्यांनी सायलीसाठी आधीच भरून ठेवला होता. कालवणाला चव अशी, की मी दुसऱ्यांदा मागून घेतलं आणि विचारलं, मासे इथल्याच खाडीतले ना?

हिराबाई हसल्या, पण ते हसणं काही खरं नव्हतं. "नाय ताय. बाजारातशी आनलाय. आमचे खारीचा मावरा आता आमीच खात नाय. पयले चिखलान निवट्या हातान धरायचो. आता टोपान टाकला का राकेलचा वास येतं."

जेवण झाल्यावर त्यांनी मला बांधावर नेलं. ओहोटी होती. चिखल तेलकट चमकत होता, कांदळवनाच्या मुळांना प्लास्टिकच्या पिशव्या लटकल्या होत्या. उजव्या हाताला त्यांची भाताची खाचरं होती म्हणे. आता तिथे पाडलेल्या इमारतींचा राडारोडा, तुटके संडास आणि फरशा. जमिनीवर कुणी कधी गाडी रिकामी केली ते कळलंच नाही, एका पावसाळ्यात नांगर घालायला गेले तर फाळ लोखंडाच्या सळईला अडकला. हे सांगताना त्यांचा खणखणीत आवाज अगदी खाली आला.

मी म्हटलं, "म्हणूनच सांगते. पोराला आमच्याकडे नेऊ दे. तुमची परवानगी हवी."

"न्या की. मी कशाला नाय बोलू?" त्या म्हणाल्या. मग खाडीकडे वळल्या. "पन मना एक सांगा ताय. पोराला दम लागला तं तुमचे गावान डाक्टर कवरा लांब हाय?"

गावात डॉक्टर नाही. देवरुखला जायचं तर घाटाची वाट, आणि लहान बाळाच्या छातीचं मशीन असलेलं मोठं रुग्णालय त्याच्याही पुढे, रत्नागिरीला. मी म्हटलं, "गाडी मिळते लगेच." त्यांनी नुसती मान हलवली. परतीच्या वाटेवर ते अंतर मनात घोळत होतं, आणि शीळफाट्याला मला धूळ फारशी जाणवली नाही.

टिटवाळा

मग मधला मार्ग निघाला. सायलीच्या ऑफिसातल्या मैत्रिणीचा टिटवाळ्याला एक नवा फ्लॅट रिकामा होता. कारखाने नाहीत, डोंगर दिसतात, आणि कल्याणचे दवाखाने जवळ. बुधवारी निलेश लवकर सुटला आणि आम्ही दोघं बघायला गेलो.

इमारत कोरी होती. खिडकीतून शेतं आणि त्यापलीकडे निळसर डोंगर दिसले, तेव्हा मला हायसं वाटलं. खिडकी उघडण्याआधी कुणाला विचारावं लागलं नाही. मी भिंतीजवळ उभी राहून पाळणा कुठे टांगायचा ते ठरवलंसुद्धा. निलेशने मैत्रिणीला फोन लावला, पण त्याला पलीकडचं ऐकू येईना.

समोरच्या मांडवात हळद होती. लग्नाचे दिवस. डीजे सुरू झाला आणि पहिल्या ठोक्याला खिडकीची काच थरथरली. दुसऱ्याला माझ्या छातीत काहीतरी हललं. हळदीत नाचगाणी हवीतच, आमच्याकडेही बायका रात्रभर गातात, पण ती घरातल्या घरात ऐकू येतात. इथे मी निलेशच्या कानाला लागून ओरडत होते आणि त्याला ओठ वाचावे लागत होते. वॉचमन म्हणाला, "ताई, ये तो छोटा सेट है. शनिवार को आओ." मी हात छातीवर ठेवला तर ठोके कुणाचे आणि कुठले ते कळेना. सायलीच्या खांद्यावर बाळाची फासळी कशी वरखाली होते ते डोळ्यापुढे आलं. फासळी ती काय, बोटाच्या पेराएवढी.

खाली उतरलो तर मांडवामागे पत्रावळ्या, थर्माकोलच्या ताटल्या आणि बाटल्या एकत्र पेटवल्या होत्या. काळा धूर आडवा होऊन त्या नव्या इमारतीवर चालला होता. मी निलेशला म्हटलं, चल. मला रडू यायला लागलं होतं आणि ते त्याच्यासमोर नको होतं.

पुन्हा डोंबिवली

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रुपवर आलं, 'कोबी. जोरात. बंद ठेवा.' निलेश कामावर गेला. बाळ रात्रभर किरकिरलं होतं, त्यामुळे सायलीला पाळण्याशेजारीच झोप लागली. मी बाळाला उचललं आणि न्हाणीघरात नेलं. ऊन पाण्याने त्याला बरं वाटलं, पण छातीत बारीक घरघर होती. तपासणी शुक्रवारी, म्हणजे दुसऱ्याच दिवशी होती. मला वाटलं, कफ तेवढा सुटला तर डॉक्टरीणबाई हो म्हणतील. तेवढं एकच माझ्या मनात होतं.

गॅसवर शेणी पेटवली, लोखंडी तव्यावर निखारा घेतला, ओवा-वावडिंग टाकलं. तो वास आला आणि मला घरी असल्यासारखं झालं. बाळाला दोन्ही हातांवर आडवं धरून मी गाणं म्हणू लागले. शेकडो वेळा केलेलं काम. हात आपोआप चालत होते.

आमच्या घरी धूर वर जातो आणि कौलांमधून निघून जातो. म्हणून तो कधी दिसतच नाही. इथे तो वर गेला, छताला लागला आणि खाली यायला लागला. खिडक्या बंद होत्या, बाहेर कोबी होता. बाळ आधी खोकलं, मग रडलं, आणि मग रडायचं थांबलं. मला वाटलं, शांत झालं. खाली पाहिलं तर ओठ जांभळे.

मी सायलीला हाक मारली ती कशी, ते मला आठवत नाही. ती उठली, धावत आली, बाळाला माझ्या हातातून घेतलं आणि सरळ गॅलरीचं दार सताड उघडून बाहेर गेली. सडक्या अंड्यांचा तो घाण वास घरात शिरला. ज्या हवेला मी आल्यापासून शिव्या घालत होते, त्या हवेत माझी लेक तिचं मूल वाचवायला गेली, कारण माझ्यापाशी जी हवा होती ती त्याहून वाईट होती.

रिक्षा, नाला, दवाखाना. खरंच पाच मिनिटं. बाळाच्या नाकाला नळी लावली आणि हळूहळू ओठांचा रंग परत आला. मी बाहेर बाकावर बसले. हाताला ओव्याचा वास येत होता.

निलेश धावत आला तो संतापाने लालच होता. "आज सोडणार नाही कंपनीवाल्यांना! ग्रुपवर सगळे पेटलेत. काका अर्ज लिहितायत, बाळाचं नाव टाकून." मागोमाग काकाही आले, हातात कागद होता. सायलीने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि नजर खाली घातली. ती मला वाचवत होती. दहा माणसांना जे खरं वाटत होतं ते मी नुसतं गप्प राहून खरं होऊ दिलं असतं, तर कुणी एका शब्दाने विचारलं नसतं.

"आजचा धूर माझा होता," मी म्हटलं. "मी धुरी दिली. खिडक्या बंद असताना."

निलेश भिंतीला टेकला. मला ते त्याच्या ओरडण्यापेक्षा जड गेलं. काकांनी चष्मा काढला, कागदाची घडी केली. "अर्ज द्यायचाच आहे वहिनी," ते सावकाश म्हणाले. "पण त्यात हे नको. खोटं सापडलं की आमचं खरंही बुडेल."

डॉक्टरीणबाई रागावतील म्हणून मी उभीच होते. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, "आजी, हे मूल आल्या दिवसापासून इथल्या हवेशी झगडतंय. म्हणून तुमचा तेवढासा धूर त्याला जड गेला. छातीला नाही हो कळत, कुठला धूर कंपनीचा आणि कुठला आजीचा." प्रवासाबद्दल मी विचारलं नाही. त्यांनीच सांगितलं, एवढ्यात नको.

बाळ घरी आल्यावर मी आणखी काही दिवस राहिले. उरलेल्या शेणी कुस्करून काकांच्या गच्चीवरच्या कुंड्यांना घातल्या. निघताना सायलीने मला वाकून नमस्कार केला आणि उठताना गळ्यात पडली. निलेश बसपर्यंत आला, पिशवी वर ठेवली आणि म्हणाला, "आई, पोचल्यावर फोन करा." एवढंच, पण नेहमीच्या आवाजात.

घरी

आल्यावर मी पहिलं काम केलं ते चूल मागच्या पडवीत हलवायचं. यांनी विचारलं, काय झालं एकाएकी? मी म्हटलं, कौलांखालचे वासे बघा. वर्षानुवर्षं सारवल्यासारखे काळे झाले होते. आम्ही दोघं त्याखाली झोपत होतो आणि आमची हवा, आमची हवा म्हणत होतो. आता सकाळी उठले की मी आधी अंगणात येते आणि वास घेते. सवयच लागली आहे.

गेल्या आठवड्यात सायलीचा फोन आला. आवाजावरूनच कळलं. "आई, डॉक्टर हो म्हणाल्या! निलेशने रविवारची गाडी बघितलीय. सासूबाई पण येतायत." पाळणा मी कधीच धुऊन ठेवला होता.

मग ती म्हणाली, "आई, एक सांग. तुझ्याकडे आज वास कसला आहे?"

दोन महिन्यांपूर्वी मी म्हटलं असतं, इथे गं कसला वास! मी फोन घेऊन अंगणात आले. खालच्या वाडीत भाजावळ चालली होती. पेरणीआधी शेतात पालापाचोळा आणि शेण पसरून जाळतात, दरवर्षी जाळतात, आमचीही दळी, म्हणजे शेताचे तुकडे, त्यात होती. धूर दरीतून वर येऊन फणसाखाली, जिथे मी पाळणा बांधणार होते, तिथे साचून राहिला होता.

"आहे," मी म्हटलं. "खिडक्या बंद ठेवायचा आहे. या रविवारी नको आणू त्याला."

सायलीने फोन बाळाजवळ धरला. मग बाळाचा आवाज आला, रडण्याचा, चांगला दणदणीत. मी तो ऐकत अंगणात उभी राहिले, आणि फोन ठेवल्यावर पदर खोचून खालच्या वाडीत गेले.